गॅरी क्लार्क ज्युनिअरचा ‘जेपीईजी रॉ’ : ब्लूजपासून फारकत की ब्लूजचीच जुनी वाट?

उत्तररात्र यांचा प्रश्न

टेक्ससमधील ऑस्टिन शहराचा ब्लूज (आफ्रिकी-अमेरिकनांच्या लोकगीतांतून आलेले संगीत) गिटारवादक आणि गायक गॅरी क्लार्क ज्युनिअर याचा ‘जेपीईजी रॉ’ हा अल्बम २२ मार्च २०२४ रोजी प्रसिद्ध झाला. ‘धिस लँड’नंतर पाच वर्षांनी आलेल्या या अल्बमची बरीच परीक्षणे मी वाचली आणि अल्बमही पुष्कळदा ऐकला, पण परीक्षणांतले म्हणणे आणि माझ्या कानांना जाणवलेले यांचा मेळ बसत नाही, म्हणून येथे विचारते आहे.

परीक्षणांचा सूर एकंदरीत अनुकूल आहे. वाखाणणी मुख्यतः त्याच्या गळ्यात उतरलेल्या सोल संगीताच्या (गॉस्पेल म्हणजे चर्चच्या भक्तिगीतांच्या वळणाची भावपूर्ण गायकी) आर्ततेची आणि एका चौकटीत न अडकण्याच्या वृत्तीची झालेली दिसते. ज्यांना अल्बम तितकासा रुचला नाही त्यांची तक्रार नेमकी याच गोष्टींवर बोट ठेवणारी आहे : अल्बम दहा दिशांना धावतो आणि ज्या गिटारसाठी आपण या माणसाकडे येतो ती गिटार मध्येच कुठेतरी हरवते. मला दोन्ही म्हणणी अर्धी अर्धी पटतात. ‘मक्तूब’ या पहिल्याच गाण्यातला रिफ (पुन्हापुन्हा येणारा छोटा गिटार-तुकडा) पश्चिम आफ्रिकेच्या वाळवंटी गिटारवादनाची आठवण करून देतो, शीर्षकगीत हिप-हॉपच्या अंगाने जाते, ‘व्हॉट अबाउट द चिल्ड्रन’मध्ये स्टीव्ही वंडर आहे, ‘फंक विच यू’मध्ये जॉर्ज क्लिंटन आहे, ‘अलोन टुगेदर’मध्ये कियॉन हॅरल्डचा ट्रम्पेट आहे, आणि शेवटी ‘हॅबिट्स’ हे सुमारे नऊ मिनिटांचे गाणे येते. यांतल्या कोणत्याही एका गाण्याकडे बोट दाखवून ‘हा ब्लूज’ असे मला छातीठोकपणे म्हणता येत नाही, आणि तरीही अल्बम संपल्यावर ब्लूज ऐकल्यासारखे वाटते, हे कसे?

ब्लूज गिटारवादकाने सोलकडे वळणे ही परंपरेपासूनची फारकत समजायची, की परंपरेत त्याला आधीपासूनच जागा आहे? समीक्षकांनी केलेले कौतुक अल्बमचे आहे, की केवळ त्याच्या धाडसाचे? कोणी जुन्या अल्बमांचे दाखले देऊन, नेमके काय ऐकायचे हे सांगितले तर फार उपयोग होईल. निव्वळ ‘मला आवडला’ किंवा ‘मला नाही आवडला’ एवढेच कृपया लिहू नये.

जुनी_तबकडी यांचे उत्तर

फारकत मुळीच नाही. ही वाट साठ वर्षांहून अधिक जुनी आहे, आणि तिच्यावरून चाललेल्यांत ब्लूजमधली सर्वांत मोठी माणसे आहेत.

१९६१ साली ड्यूक कंपनीने बॉबी ‘ब्लू’ ब्लँडचा ‘टू स्टेप्स फ्रॉम द ब्लूज’ काढला. ब्लँड स्वतः गिटार वाजवत नसे; गिटार वेन बेनेटची आणि ब्रास वाद्यांची मांडणी जो स्कॉटची. चर्चमधल्या गॉस्पेल गायकीतला आक्रोश, नेटकी बांधलेली ब्रास वाद्ये आणि त्यांच्या फटीतून डोकावणारी गिटार हे सगळे त्या अल्बममध्ये आहे. ब्लूज आणि सोल यांच्यामधली भिंत ज्यांना फार पक्की वाटते त्यांनी हा अल्बम आधी ऐकावा.

पण आपल्या प्रश्नाला थेट भिडणारा दाखला ब्लूज गिटारवादक अल्बर्ट किंगचा आहे. मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीसाठी १९६६ आणि १९६७ मध्ये त्याने केलेली ध्वनिमुद्रणे ‘बॉर्न अंडर अ बॅड साइन’ या अल्बममध्ये एकत्र आली. स्टॅक्सचा स्टुडिओ म्हणजे एक जुने चित्रपटगृह, आणि तिथला ठरलेला वाद्यवृंद म्हणजे बुकर टी. अँड द एम.जी.ज. ओटिस रेडिंग आणि सॅम अँड डेव्ह या सोल गायकांच्या पाठीमागे जी माणसे वाजवत होती, तीच अल्बर्ट किंगच्याही पाठीमागे बसली. शीर्षकगीत लिहिले तेसुद्धा सोल गायक विल्यम बेल आणि बुकर टी. जोन्स यांनी. म्हणजे ठेका सोलचा, ब्रास वाद्ये सोलची, गीतकार सोलचे, आणि तरीही ब्लूजच्या इतिहासातून हा अल्बम वगळण्याची कोणाची छाती होणार नाही.

तो ब्लूज का ठरतो याचे कारण किंगच्या बोटांत आहे. तो डावखुरा होता आणि उजव्या हाताच्या वादकांसाठी बनवलेली गिटार, तारांचा क्रम न बदलता, सरळ उलटी धरून वाजवत असे. त्यामुळे बारीक तारा वरच्या बाजूला आल्या. इतर वादक सूर चढवण्यासाठी तार वर ढकलतात. किंग ती खाली ओढत असे, आणि ओढण्यात बोटांना जास्त जोर मिळतो. शिवाय तो तारा नेहमीच्या पट्टीपेक्षा सैल ठेवी आणि नखीऐवजी अंगठ्याने छेडत असे. याचा परिणाम असा की एकाच स्वरावरून तो दीड-दोन स्वरांपर्यंत सहज चढतो, वाटेत कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधल्या त्या अधांतरी जागेवर क्षणभर रेंगाळतो, आणि मगच वर पोहोचतो. ‘क्रॉसकट सॉ’ ऐका. अल जॅक्सनचे ड्रम्स लॅटिन वळणाचा ठेका धरून आहेत, त्यात पारंपरिक ब्लूजच्या शफलचा, म्हणजे झुलत्या ठेक्याचा, मागमूस नाही. पण गाण्याची ओळ संपली की गिटार बोलते, आणि तिचे बोलणे हे गायलेल्या ओळीचे उत्तर असते. ब्लूज त्या प्रश्नोत्तरात असतो. बाकी सगळे बदलले तरी चालते.

आता समीक्षेबद्दल. किंगचा हा अल्बम आला तेव्हा त्याने बाजारात फार मोठी धूम केली नाही. गिटारवादकांनी मात्र त्याची दखल लगेच घेतली. क्रीम या ब्रिटिश रॉक गटाने १९६८ सालीच शीर्षकगीत आपल्या अल्बममध्ये घेतले. संस्थांचे शिक्कामोर्तब बरेच नंतर झाले : ब्लूज हॉल ऑफ फेममध्ये १९८५ साली आणि ग्रॅमी हॉल ऑफ फेममध्ये १९९९ साली.

याच्या उलट टोकाचे उदाहरण शिकागो ब्लूजचा गायक मडी वॉटर्स याच्या ‘इलेक्ट्रिक मड’चे. १९६८ साली निर्माता मार्शल चेसने मडीला सायकेडेलिक रॉकच्या वाद्यवृंदाबरोबर उभे केले. हा अल्बम बिलबोर्डच्या अल्बम-यादीत १२७ व्या क्रमांकापर्यंत गेला, म्हणजे मडीच्या मानाने चांगला खपला. पण ब्लूजच्या समीक्षकांनी त्याची सालटी काढली. पुढे हिप-हॉपच्या पिढीने, विशेषतः पब्लिक एनिमीच्या चक डीने, तोच अल्बम डोक्यावर घेतला. माझे स्वतःचे मत विचाराल तर त्या वेळचे समीक्षक फार चुकले नव्हते. पीट कोझीची गिटार आजही थरारक वाटते, पण मडीचा आवाज तिच्याशी बोलत नाही, तो तिच्या शेजारी नुसता उभा असतो.

म्हणून ‘जेपीईजी रॉ’ ऐकताना कोणता ठेका आहे, कोण पाहुणा आला आहे, हे मोजत बसू नये. गळा थांबल्यावर गिटार काय करते तेवढे पाहावे. ‘हॅबिट्स’मध्ये ती उत्तर देते, म्हणून आपल्याला शेवटी ब्लूज ऐकल्यासारखे वाटते.

सहावी_तार यांचे उत्तर

वरील उत्तरातली कसोटी मला मान्य आहे. पण तीच कसोटी प्रामाणिकपणे लावली तर ‘जेपीईजी रॉ’ अनेक ठिकाणी उणा पडतो, आणि हे कोणीतरी सांगायला हवे. परंपरेत दाखला सापडला म्हणून आजचा अल्बम आपोआप चांगला ठरत नाही.

गॅरी क्लार्कचा सोल हा काही या अल्बममध्ये उगवलेला नाही. ‘ब्लॅक अँड ब्लू’ या २०१२ च्या अल्बममधले ‘प्लीज कम होम’ घ्या. जुन्या डू-वॉप गाण्यांच्या संथ, झुलत्या लयीत तो जवळजवळ पूर्ण गाणे फॉल्सेटोमध्ये, म्हणजे नाजूक, वरच्या पट्टीतल्या आवाजात गातो. आणि मग गिटार येते ती फझने (आवाज मुद्दाम फाटका करणाऱ्या उपकरणाने) फाटलेली, काठावर भाजलेली. इतक्या मऊ गळ्यानंतर इतका खरबरीत आवाज यावा, यातच त्या गाण्याचे सारे नाट्य आहे : गळा जे सभ्यपणे मागतो ते गिटार ओरडून मागते. ‘धिस लँड’मधल्या ‘पर्ल कॅडिलॅक’मध्येही हीच युक्ती आहे, आणि तिथे ती अधिक पक्व झालेली आहे. आईला उद्देशून असलेल्या या गाण्यात गळा कृतज्ञ राहतो आणि गिटार मात्र कासावीस होते.

हा आवाज त्याला कसा मिळतो हे वाजवणाऱ्यांना ठाऊक असेलच, पण इतरांसाठी लिहितो. तो अनेक वर्षे एपिफोन कॅसिनो वाजवत आला आहे. या गिटारचा देह आतून पूर्ण पोकळ असतो. अशी गिटार फझ लावून मोठ्या आवाजात वाजवली की अँपमधून निघालेला आवाज पोकळ देहात शिरून पुन्हा तारा कंपित करतो आणि स्वर आपसूक किंचाळू लागतो. बहुतेक वादक हे टाळण्यासाठी भरीव गिटार घेतात. हा त्या किंचाळीच्या काठावर उभा राहून वाजवतो आणि डाव्या हाताने तारा दाबून तिला आवरतो. तो धोका कानाला जाणवतो, आणि त्याच्या संथ गाण्यांची धार मुख्यतः तिथून येते.

आता ‘जेपीईजी रॉ’मध्ये हा धोका किती वेळा पत्करला आहे? फार कमी. शीर्षकगीतात गिटार तालाच्या चाकातला एक आरा होऊन फिरत राहते. गळ्याला उत्तर देण्याची तिची इच्छाच दिसत नाही. ‘फंक विच यू’ मजेदार आहे, पण तिथे यजमान कोण आणि पाहुणा कोण असा प्रश्न पडतो. ‘टू द एन्ड ऑफ द अर्थ’ हे जुन्या धाटणीचे छोटेसे प्रेमगीत तर मला दोन खोल्यांमधल्या बोळासारखे वाटते. त्यातून पुढे जायचे एवढेच त्याचे काम. अल्बममध्ये जॅझ पियानोवादक थेलोनियस मंक आणि ब्लूज हार्मोनिकावादक सनी बॉय विल्यमसन यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचे तुकडे वापरले आहेत, याचे परीक्षणांत कौतुक झाले आहे. तुकडा वापरणे ही आदरांजली असू शकते, यात वाद नाही. पण विल्यमसनचा तुकडा लावल्याने गाण्याला जे वजन येते ते विल्यमसनचे असते.

उलटपक्षी ‘व्हॉट अबाउट द चिल्ड्रन’ मला अल्बममधले सर्वांत भक्कम गाणे वाटते. स्टीव्ही वंडरसारखा माणूस बरोबर असताना बहुतेक जण बिचकून बाजूला होतात किंवा त्याच्याशी स्पर्धा करू पाहतात. इथे दोघे एकाच ओळीचे ओझे वाटून घेतात. गाण्याचा विषय गरिबीतल्या मुलांच्या भवितव्याचा आहे आणि तो भाषणबाजीकडे झुकण्याचा धोका होता. ठेका इतका घट्ट आहे की भाषणाला सवडच मिळत नाही.

‘हॅबिट्स’बद्दल मात्र ‘जुनी_तबकडी’ यांच्याशी पूर्ण सहमत आहे. ते टप्प्याटप्प्याने वर चढत जाते, घाई करत नाही, आणि गिटारला शेवटी जी मोकळीक मिळते ती तिने कमावलेली असते. माझा आक्षेप एवढाच की अकरा गाणी वाट पाहायला लावून बाराव्या गाण्यात ती देणे हा श्रोत्याच्या सहनशीलतेवर टाकलेला फार मोठा विश्वास आहे.

थोडक्यात, ज्या परीक्षणांनी ‘विस्कळीत’ म्हटले त्यांना मी अडाणी ठरवणार नाही.

पानभर_टिपणे यांचे उत्तर

दोन्ही उत्तरे वाचनीय आहेत, पण समीक्षेच्या बाजूचा एक धागा राहून गेला आहे. ब्लूज अल्बमच्या परीक्षणात अल्बमपेक्षा त्या कलाकाराकडून असलेल्या अपेक्षेचेच मूल्यमापन अधिक होते, आणि गॅरी क्लार्कच्या बाबतीत ही अपेक्षा अगदी लहानपणापासून त्याच्या मानगुटीवर बसलेली आहे. १९८४ मध्ये जन्मलेल्या या मुलाच्या नावाने ऑस्टिनच्या महापौरांनी ३ मे २००१ हा दिवस जाहीर केला, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. त्या शहरातल्या अँटोन्स या प्रसिद्ध ब्लूज क्लबमध्ये क्लिफर्ड अँटोनने त्याला वाजवण्याची संधी दिली, जिमी वॉनसारख्या वडीलधाऱ्या वादकाने पाठीवर हात ठेवला, आणि २०१० च्या एरिक क्लॅप्टनच्या क्रॉसरोड्स महोत्सवानंतर तर ‘ब्लूजचा तारणहार’ ही उपाधी त्याला जवळजवळ चिकटलीच. तारणहाराने हिप-हॉपचा ठेका धरला की भाविक गोंधळतात, आणि ज्यांना मुळात तारणहार नकोच होता ते खूश होतात. ‘ब्लॅक अँड ब्लू’च्या वेळी हेच झाले : एकाच अल्बममध्ये ब्लूज, सोल, गॅरेज रॉक आणि हिप-हॉप पाहून अनेकांनी नाक मुरडले. दोन वर्षांनी मैफलींच्या ध्वनिमुद्रणांचा ‘लाइव्ह’ आला, त्यात गिटार मुक्तपणे वाजली, आणि हाच खरा गॅरी क्लार्क असे म्हटले गेले.

पुरस्कारांचा हिशेब पाहिला तर गंमत अधिक स्पष्ट होते. ‘सहावी_तार’ यांनी ज्याचे वर्णन केले त्या ‘प्लीज कम होम’ला २०१४ साली ग्रॅमी मिळाले ते पारंपरिक आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) सादरीकरणासाठी. २०२० साली ‘धिस लँड’ या गाण्याला सर्वोत्कृष्ट रॉक सादरीकरण आणि सर्वोत्कृष्ट रॉक गाणे असे दोन पुरस्कार मिळाले, आणि त्याच नावाच्या अल्बमला समकालीन ब्लूज अल्बमचा. एकच माणूस, एकच गिटार, आणि तीन वेगवेगळ्या खणांतले पुरस्कार. हे खणही काही ब्रह्मदेवाने आखलेले नाहीत. ग्रॅमीने पारंपरिक ब्लूजचा वेगळा पुरस्कार १९८३ पासून आणि समकालीन ब्लूजचा १९८८ पासून द्यायला सुरुवात केली, २०१२ मध्ये दोन्ही एकत्र केले आणि २०१७ मध्ये पुन्हा वेगळे केले. ज्या सीमारेषा देणाऱ्यांनाच नीट ठरवता येत नाहीत, त्यांवरून कलाकाराला जाब विचारण्यात अर्थ नाही.

१९८८ सालचा तो पहिला समकालीन पुरस्कार ब्लूज गिटारवादक रॉबर्ट क्रेच्या ‘स्ट्राँग पर्सुएडर’ला मिळाला होता, आणि उत्तररात्र यांच्या प्रश्नाच्या दृष्टीने हा अल्बम अवश्य ऐकावा असा आहे. १९८६ मध्ये आलेल्या या अल्बममध्ये मेम्फिस हॉर्न्स हा ब्रास वाद्यांचा गट आहे आणि गायकी निर्विवादपणे सोलची आहे. ‘स्मोकिंग गन’ बिलबोर्डच्या पॉप-यादीत बाविसाव्या क्रमांकापर्यंत गेले, जे त्या काळी ब्लूज गिटारवादकासाठी अपूर्व म्हणावे असेच होते. कर्मठ श्रोत्यांची तक्रार तेव्हाही तयार होती : फार गुळगुळीत, फार इस्त्रीचे. क्रेची स्ट्रॅटोकास्टर गिटार अजिबात फाटत नाही. तिचा प्रत्येक स्वर कोरडा, स्वच्छ, टोकदार असतो. परंतु गीते ऐका. त्यांतला निवेदक बहुधा स्वतःच अपराधी असतो : परस्त्रीच्या भानगडीत सापडलेला, भिंतीपलीकडचे भांडण ऐकत बसलेला. अशा माणसाच्या तोंडी इतका सभ्य गळा आणि इतकी थंड गिटार दिल्यामुळे अंगावर काटा येतो. तिथे खरखर असती तर ती सोंग वाटली असती.

म्हणून ‘सहावी_तार’ यांनी धोक्याची जी कसोटी मांडली आहे ती गॅरी क्लार्कच्या काही गाण्यांना लागू पडते, सर्व ब्लूजला नाही. १९६९ साली बी. बी. किंगने ‘द थ्रिल इज गॉन’ ध्वनिमुद्रित केले, तेव्हा निर्माता बिल सिमझिक याने त्यावर नंतर व्हायोलिनवर्गीय वाद्यांचा थर चढवला. ब्लूजवर व्हायोलिनांचा साज ही कल्पना कागदावर भयंकर वाटते. किंगने त्या थराशी झुंज घेतली नाही. तो नेहमीप्रमाणे गाताना वाजवत नाही आणि वाजवताना गात नाही, अगदी मोजके स्वर वापरतो, आणि व्हायोलिने त्याच्या मागे सावकाश भरून येतात. गाणे पॉप-यादीत पंधराव्या क्रमांकापर्यंत पोहोचले आणि त्याच्या साऱ्या कारकिर्दीची ओळख बनले. गिटार कमी वाजली म्हणून ती हरवली असे होत नसते.

‘जेपीईजी रॉ’च्या बाबतीत माझे मत असे : समीक्षकांनी केलेले कौतुक अर्धे अल्बमचे आणि अर्धे धाडसाचे आहे, आणि धाडसाचे कौतुक लवकर शिळे होते. पाहुण्यांची यादी वाचून जी परीक्षणे हरखली ती दहा वर्षांनी कोणी उघडणार नाही. ज्या मोजक्या परीक्षणांनी त्याच्या बहिणींच्या पाठीमागच्या आवाजांकडे लक्ष दिले ती अधिक टिकतील असे मला वाटते. स्टीव्ही वंडरपेक्षा हे घरचे आवाजच अल्बमला एकत्र बांधून ठेवतात. विशेषतः संथ गाण्यांत ते गिटारची जागा घेऊन गळ्याला उत्तर देतात. ‘जुनी_तबकडी’ यांची प्रश्नोत्तराची कसोटी त्यामुळे शाबूत राहते, फक्त उत्तर देणारा बदलतो.

उत्तररात्र

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे ‘क्रॉसकट सॉ’, ‘प्लीज कम होम’ आणि ‘स्मोकिंग गन’ पाठोपाठ ऐकली. तिन्हींमध्ये गिटारचे वागणे इतके निरनिराळे आहे की ‘ब्लूज गिटार’ असा एकच आवाज मनाशी धरून मी परीक्षणे वाचत होते, हे लक्षात आले. बहिणींच्या आवाजाबद्दलचे निरीक्षण तर फारच पटले. ‘हॅबिट्स’ पुन्हा ऐकताना लक्ष आपोआप तिकडे गेले.

एक शंका अजून शिल्लक आहे. ‘सहावी_तार’ यांच्या मते धोका कमी पत्करला आहे आणि ‘पानभर_टिपणे’ यांच्या मते तो संयम आहे. एखादा वादक हात आखडता घेतो आहे की जाणीवपूर्वक थांबतो आहे, हे फक्त ध्वनिमुद्रण ऐकून कसे ओळखावे?

सहावी_तार

खात्रीने ओळखता येईलच असे नाही, पण एक उपाय आहे : तेच गाणे स्टुडिओत आणि मैफलीत कसे वाजवले आहे ते शेजारी ठेवून ऐकणे. ‘व्हेन माय ट्रेन पुल्स इन’ हे गाणे ‘ब्लॅक अँड ब्लू’मध्ये आहे आणि ‘लाइव्ह’मध्येही आहे. स्टुडिओतल्या आवृत्तीत सोलो आखीव आहे. मैफलीत त्याच सोलोचे सुरुवातीचे काही स्वर तो जवळजवळ पुटपुटल्यासारखे वाजवतो, मध्ये रिकाम्या जागा सोडतो आणि मग भडकतो. ज्याच्याकडे भडकण्याची ताकद आहे हे आपण ऐकलेले असते, त्याचे थांबणे वेगळे ऐकू येते. त्याच ‘लाइव्ह’मध्ये ‘थ्री ओ’क्लॉक ब्लूज’ आहे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला बी. बी. किंगने गाजवलेले हे अगदी संथ आणि पारंपरिक साच्यातले गाणे आहे; ते ऐकल्यावर याला परंपरा येत नाही म्हणून तो इकडेतिकडे भटकतो, हा आरोप तरी निकालात निघतो. ‘धिस लँड’च्या शेवटी ‘डर्टी डिशेस ब्लूज’ आहे, तेही जोडीला ऐकावे.

दुसरे म्हणजे, सोलो सुरू होण्याच्या आधीचे काही क्षण ऐकावेत. जाणीवपूर्वक थांबलेला वादक तालवाद्यांना जागा करून देतो. बास आणि ड्रम्स तेव्हा जास्त ठळक ऐकू येतात, कारण त्याने स्वतःचा आवाज मुद्दाम खाली आणलेला असतो. हात आखडता घेणारा वादक तीच जागा सवयीच्या कॉर्ड्सनी भरून टाकतो. या कसोटीवर ‘अलोन टुगेदर’ उत्तम उतरते : ट्रम्पेट येण्याआधी गिटार खरोखर बाजूला सरकते. तेवढ्यापुरते ‘पानभर_टिपणे’ यांचे म्हणणे मला मान्य आहे. शीर्षकगीताबद्दलचा माझा आक्षेप मात्र कायम आहे, आणि ‘टू द एन्ड ऑफ द अर्थ’ मी पुढेही वगळूनच ऐकेन.

जुनी_तबकडी

वगळू नका. त्या गाण्याने कान रिकामे होतात, म्हणूनच पुढच्या ट्रम्पेटला जागा मिळते. ते काढून ‘अलोन टुगेदर’ ऐकले की त्याची सुरुवात निम्म्याने फिकी वाटते. आणि उत्तररात्र, ब्लँडचा अल्बम आपल्या यादीतून सुटलेला दिसतो. त्यातले ‘आय पिटी द फूल’ आधी ऐका आणि ब्रास वाद्यांच्या मागून येणारी बेनेटची गिटार कुठे आत शिरते आणि कुठे माघार घेते ते पाहा. वर चाललेल्या वादातल्या दोन्ही बाजूंना त्यात पुरेसा पुरावा सापडेल.